मातीतल्या, चिखलातल्या कामाला खिशातला चाकू कुठला घ्यावा?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं काम बागांचं आणि पाइपलाइनचं, त्यामुळे रोज मातीने भरलेली दोरी, पोती, रबरी पाइप, जुनी ताडपत्री, मधूनच जमिनीतलं एखादं मूळ असलं सगळं कापावं लागतं. मागे एक महागातला घडीचा चाकू घेतला, स्टील एकदम भारी आहे असं सांगून दिला होता, पण दोन दिवसांत धार जाते, साध्या दगडावर घासून घासून हात दुखले तरी परत लागत नाही, आणि आता तर लॉक कधी बसतं कधी नाही. याच्याहून भारी स्टीलचा घेऊ का? की माझंच वापरायचं काही चुकतंय?

उत्तर : दादा, तुमचं काही चुकत नाहीये. अजून भारी स्टीलच्या मागे मात्र अजिबात लागू नका, त्याने दुखणं वाढेल.

आधी धार का जाते ते बघा. दोरी किंवा पोतं पात्याचं फार वाकडं करत नाही, वाकडं करते ती त्यांना चिकटलेली वाळू. वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ चाकूच्या स्टीलपेक्षा कडक असतो. चाकूवर कडकपणा एचआरसी (रॉकवेल) या मापात लिहितात; 60 एचआरसीचं चांगलं पातं विकर्स या दुसऱ्या मापात साधारण 700 ला येतं आणि क्वार्ट्झ हजाराच्या पुढे जातो. म्हणजे मातकट दोरीवरून पातं ओढलं की प्रत्येक कण धारेवर चरा पाडत जातो, मग पातं कुठल्याही कंपनीचं असो. एस 30 व्ही सारख्या महागड्या स्टीलमध्ये व्हॅनेडियम हा धातू घालतात, त्याचे कार्बाइडचे (म्हणजे कार्बनशी जुळून बनलेले) बारीक कण क्वार्ट्झपेक्षाही कडक असतात हे खरं, पण ते कण ज्या स्टीलमध्ये बसलेत ते स्टील वाळूपुढे मऊच राहतं, शिवाय मुळाआड लपलेला खडा लागला की अशा पात्याच्या धारेचा टवका उडतो, आणि तो टवका काढणं डायमंडचा दगड असला तरच सोपं जातं. तुमचे हात दुखले ते यामुळेच.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, घाणीच्या कामात धार किती दिवस टिकते हे बघायचं नाही, ती किती मिनिटांत परत येते ते बघायचं. 12 सी 27, 14 सी 28 एन, 420 एचसी, 8 सीआर 13 एमओव्ही असल्या साध्या स्टेनलेस स्टीलमधला, 55 ते 58 एचआरसीच्या आसपासचा चाकू घ्या. अशा पात्याची धार खडा लागला तर बहुतेकदा नुसती वळते, तुटत नाही, आणि वळलेली धार साध्या दगडावर पाच-दहा हात मारले की सरळ होते. व्हिक्टोरिनॉक्सचे लाल चाकू साधारण 55-56 एचआरसीचे असतात, लोक त्यांना मऊ म्हणून नावं ठेवतात, पण तो मऊपणा मुद्दाम ठेवलेला आहे आणि तुमच्यासारख्या कामात तो उपयोगाचा आहे. डी 2 या स्टीलचं नावही तुमच्या कानावर येईल. धार छान धरतं, पण गंज रोखणारं क्रोमियम त्यात साधारण 12 टक्के असूनही बरंचसं कार्बाइडमध्ये अडकून पडतं, त्यामुळे ओल्या मातीत आणि खताच्या पाण्यात ते गंजतं. रोज पुसून ठेवणाऱ्यानेच घ्यावं.

धार पण फार बारीक नको. एका बाजूने 20 अंशांच्या आसपास कोन ठेवा, 15 अंशांची धार कागद सुंदर कापते पण मुळाला लागली की संपली. आणि गुळगुळीत पॉलिशपर्यंत जाऊ नका, 300-400 ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगड किती खरखरीत त्याचा आकडा) दगडावरच थांबा, त्याने धारेवर बारीक खरखर राहते आणि दोरी, पट्टा, पोतं ओढून कापताना तीच पकडते. कुठे बोथट झालंय ते बघायचं असेल तर दिव्याखाली धार वर करून पातं धरा आणि हळूच तिरपं फिरवा. चांगली धार दिसतच नाही, जिथे वळलीये किंवा टवका उडालाय तिथे एक पांढरी चमक येते. तेवढ्याच भागावर दगड जास्त चालवा, अख्खं पातं झिजवायची गरज नाही.

आता लॉक, कारण खरा धोका तिथे आहे. तुमचा चाकू बहुतेक लायनर लॉकचा असणार, म्हणजे उघडल्यावर आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. चाकू उघडा, उजेडात ती पट्टी जिथे टेकते ती जागा बघा. तिथे वाळलेल्या मातीचा पापुद्रा दिसेल, नखाने खरवडला तर निघेल. तेवढ्या पापुद्र्याने पट्टी अर्धवटच बसते आणि जोर लावला की पातं बोटांवर मिटू शकतं. पाठीमागे लॉक असलेल्या चाकूतही हेच होतं, फक्त तिथे माती खाचेत जाऊन बसते आणि दिसत नाही, म्हणून मला तो प्रकार चिखलाच्या कामाला कमी आवडतो. घेताना असं मॉडेल बघा ज्याची पाठ उघडी आहे, म्हणजे आरपार उजेड दिसतो आणि पाण्याची धार मारली की माती बाहेर पडते. पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापाशी बॉल बेअरिंग असलेला चाकू नको. तो उघडायला लोण्यासारखा वाटतो पण वाळू गेली की करकर सुरू होते, त्यापेक्षा ब्राँझ किंवा नायलॉनच्या साध्या वॉशरचा चांगला. आणि रिव्हेटऐवजी स्क्रू असेल तर उत्तम, वेळ आली तर खोलता येतो.

मूठ नायलॉनची किंवा जी-10 ची (काचेचे धागे आणि रेझिन मिळून केलेली), खरखरीत. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम ओल्या हातातून निसटतं. लाकडी मूठ दिसायला मला पण फार आवडते पण ओपिनेलसारख्या लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूत लाकूड पाणी पिऊन फुगलं की पातं बाहेर काढताना नाकी नऊ येतात, तो कोरड्या कामाला ठेवा. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा, गवतात पडलेला काळा चाकू सापडत नाही. पात्याचं टोक शक्यतो बोथट, म्हणजे धार सरळ आणि पाठ खाली वळलेली, याला शीप्सफूट म्हणतात. जहाजावर दोर कापायला हाच आकार वापरायचे, कारण जहाज हललं तरी टोक कुणाला लागत नाही. तुमच्या पोत्यांनाही तो बरा, आतल्या मालाला टोक बोचत नाही.

आणि एक मनापासून सांगते, घडीचाच हवा असा हट्ट नसेल आणि तुमच्याकडच्या नियमांत बसत असेल तर प्लॅस्टिकच्या म्यानात राहणारा, न मिटणारा छोटा चाकू घ्या. स्वीडनचे ‘मोरा’ नावाचे चाकू त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. सांधा नाही, लॉक नाही, माती जाऊन बसेल अशी जागाच नाही, नळाखाली धरला की झालं. म्यानाच्या तळाला पाणी निथळायला भोक असेल असा बघा.

प्रश्न : पुठ्ठे, जुने गालिचे, रूफिंगची शीट कापायला चाकूऐवजी ब्लेड बदलायचा कटर चालेल का? चाकूवाले मित्र हसतात.

उत्तर : चालेल काय, तोच घ्या, आणि हसू दे त्यांना. पुठ्ठ्यात आणि जुन्या गालिच्यात मनसोक्त धूळ असते, तिथे चांगलं पातं झिजवण्यात काय अर्थ? समलंब आकाराच्या ब्लेडला दोन टोकं असतात, एक गेलं की उलटं लावायचं. फक्त त्याची खोली कमी असते, जाड दोर किंवा पाइप त्याने कापायला जाऊ नका, आणि ब्लेड तिरकं दाबलं तर तुटून उडतं, तेव्हा डोळ्याला चष्मा हवा. वापरलेली ब्लेडं उघडी कचऱ्यात टाकू नका, पत्र्याच्या बंद डब्यात साठवा. कचरा उचलणाऱ्याच्या हाताचा विचार करा.

प्रश्न : अर्ध्या पात्याला करवतीसारखे दाते असलेला चाकू दोरीसाठी चांगला म्हणतात, खरंय का?

उत्तर : नायलॉनचा दोर, सीटबेल्टसारखा पट्टा यांना खरंच चांगला, बोथट झाला तरी दाते ओढून कापतात. पण दात्यांच्या खोबणीत दगड जात नाही, गोल निमुळता रॉड लागतो आणि एकेक खोबण वेगळी घासावी लागते, मातीच्या कामात हे आठवड्याला कोण करणार? दिवसभर दोरच कापत असाल तर पूर्ण दात्यांचा घ्या. अर्धाअर्धा नको, साधी धार अगदीच थोडी उरते आणि नेमकी मुठीजवळची, जिथे जोर मिळतो ती जागा दात्यांनी खाल्लेली असते.

प्रश्न : माझे वडील चाकूने डबे उचकटतात, स्क्रू फिरवतात. पातं मोडेल का?

उत्तर : मोडेल, आणि टोकापासून मोडेल. चाकूचं पातं कापायला कडक केलेलं असतं, आडवा वाक त्याला सोसत नाही. बाबांच्या खिशात एक छोटा चपटा लोखंडी तुकडा किंवा स्क्रूड्रायव्हर असलेला चाकू द्या, रागावून ते ऐकणार नाहीत.

प्रश्न : रोज साफ करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि अशा घाणेरड्या चाकूने हात कापला तर?

उत्तर : कोमट साबणाचं पाणी, जुना टूथब्रश. पाण्यातच चाकू चार-पाच वेळा उघडा-मिटा, म्हणजे खिळ्याजवळची वाळू सुटते. मग झटकून, उघडाच ठेवून पूर्ण वाळवा आणि सांध्यावर तेलाचा एकच थेंब. जास्त तेल घातलं तर पुढच्या दिवशी तिथेच माती चिकटून लगदा होतो. या चाकूने खायचं काही कापायचं नाही, त्यासाठी वेगळा ठेवा.

हात कापला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट नीट वाकत नसेल, बधिर वाटत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. माती गेलेल्या जखमेला धनुर्वाताचा धोका असतो, शेवटचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षं होऊन गेली असतील किंवा कधी घेतलं ते आठवतच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना तसं सांगा.