काटा स्थिर होईना, खिडकी हलेना

निपाणीजवळच्या गावातून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी लिहितो : ‘इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, कॉलेज सुटल्यावर वजनकाट्यांच्या एका दुकानात सॉफ्टवेअरचं काम करतो. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की माझा सी शार्पमधला प्रोग्रॅम गोठतो. काट्याचं वाचन डेटा रिसीव्ह्डमध्ये (पोर्टवर काही आलं की आपोआप चालणाऱ्या भागात) हलवलं, तर आता कधी अर्धंच वजन दिसतं आणि बंद करताना तो अडकतो. मित्र म्हणतात, काटा संगणकाला जोडायचा सीरियल पोर्ट जुना झाला, पुण्याला जाऊन वेबचा कोर्स कर. बाबा पैसे काढायला तयार आहेत. काय करू?’

बाबांना सांग, पैसे तूर्त राहू देत. अडचणीत असताना घेतलेला कोर्स बहुधा पळवाट असतो, आणि तुझी अडचण तर सुटण्यासारखी आहे.

विंडोजचा प्रोग्रॅम संदेशांवर चालतो. माऊस हलला, बटण दाबलं, खिडकी पुन्हा रंगवायची आहे, असे संदेश रांगेत येतात आणि एकच धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा काम करणारा एक हात) ते एकेक करून उचलतो. त्याच धाग्याला तू ‘पोर्टवर वजन येईपर्यंत थांब’ म्हणून बसवलंस. ट्रॅक्टर हलत असताना वजन स्थिर होईपर्यंत काही इंडिकेटर (काट्याचे वजन दाखवणारे डबे) अवाक्षर पाठवत नाहीत. तोवर रांग तुंबते आणि साधारण ५ सेकंदांनी विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणून मोकळं होतं.

वाचन डेटा रिसीव्ह्डमध्ये, म्हणजे वेगळ्या धाग्यावर नेलंस ते बरोबरच. अर्ध्या वजनाचं कारण वेगळं. ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगाला, स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं. पोर्टला ‘वजन’ ही गोष्टच ठाऊक नाही, त्याला फक्त बाइट कळतात. १८३४० मधले ‘१८३’ आधी येतात, ‘४०’ मागून. आलेलं सगळं एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात साठव आणि ओळ संपल्याची खूण दिसल्यावरच आकडा काढ. ही चूक हलकी घेऊ नकोस. त्या आकड्यावर शेतकऱ्याचं बिल निघतं.

बंद करताना अडकतो, कारण वजन खिडकीत दाखवायला तू बहुतेक इन्व्होक ही आज्ञा वापरलीयस. वाचणारा धागा खिडकीच्या उत्तराची वाट बघतो आणि खिडकी पोर्ट बंद करताना त्याच धाग्याची. लग्नाच्या पंगतीत दोन पाहुणे ‘आधी तुम्ही बसा’ म्हणत ताटकळावेत, तसं! बिगिनइन्व्होक वापर, म्हणजे निरोप टाकून धागा आपल्या वाटेने जाईल.

आता पोटापाण्याचं. काट्याचं काम गळीत हंगामापुरतं, त्यात रात्री दोनलाही फोन येणार. दुकानदार गोड बोलेल, पण अनुभवपत्र लेखी माग. एवढ्यावरच मात्र थांबू नकोस. आरएस-४८५ ही तारजोडणी आणि मॉडबस ही यंत्रांशी बोलायची भाषा शिकून घे. मीटर, तापमान नियंत्रक, पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक) यांच्याशी त्याच वाटेने बोलता येतं. बेळगावात उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत. तिथे यंत्र आणि संगणक दोन्ही कळणारा माणूस हवा असतो, आणि नुसतं वेब शिकलेला पोरगा इंडिकेटरची वायर बघूनच घाबरतो. पुढे शिकायचं असेल तर डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची कर्नाटकातली प्रवेश परीक्षा देऊन इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. त्याचा अभ्यास आत्ताच लाव.

एक आगाऊ सल्ला : घरात मराठी, दुकानात मराठी, म्हणून कन्नड टाळत असशील तर टाळू नकोस. पावती दोन्ही भाषांत छापणारा प्रोग्रॅम केलास, तर चिकोडीपासून खानापूरपर्यंत दाखवता येईल.

आणि हे सगळं शिकायला काटाही लागत नाही. कॉमझिरोकॉम नावाचं फुकटचं साधन संगणकावर दोन खोटे, एकमेकांना जोडलेले पोर्ट तयार करतं. एकातून वजन पाठव, मुद्दाम तुकडे करून, मध्येच थांबून, आणि दुसऱ्यावर तुझा प्रोग्रॅम लाव. रात्रभर चालला आणि सकाळी पहिल्या क्लिकला बंद झाला, तर मुलाखतीला जाताना तोच सोबत ने.