गोधडीच्या पाठीला कापड कोणतं?

ताई, पाठीला जुनं सुती लुगडंच घ्या. नऊवारी साधारण 8 मीटर भरते. काठ काढून 2-2 मीटरचे चार तुकडे करा. दोन शेजारी जोडले की दोघांच्या गोधडीची पाठ झाली, उरलेले दोन आतल्या थराला. जरीचे धागे मात्र उसवूनच टाका, सुई अडते तिथे.

कापड उन्हासमोर धरून बघा. जिथून ऊन जास्त झिरपतं, तिथे दोन्ही अंगठ्यांनी ताणा. चर्र आवाज आला तर तो भाग आत घाला, पाठीला नको. अंगणात, बाजेवर घासून आधी पाठच फाटते.

नायलॉनची साडी सुळसुळीत दिसते म्हणून मोह होतो, पण उन्हाळ्यात ती अंगाला चिकटते. शिवाय आतलं सुती कापड धुतल्यावर आटतं, नायलॉन आटत नाही, मग पाठ फुगून झोळ येतो. जाड चादरही पाठीला नको, तिच्यातून सुई ओढताना बोटं सोलतात.

कोरा मांजरपाट घेतलाच तर रात्रभर पाण्यात भिजवा, खळ जाऊ द्या, वाळवूनच कापा. रंगीत कापड असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीने घासा, रंग जातो का कळेल.

पाठ वरच्या भागापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठी ठेवा. अंथरताना कोपऱ्यांवर दगड ठेवा आणि मधून कडेकडे लांब टाके टाचत जा. पाठ ढिली राहिली तर खालून चुण्या पडतात, आणि त्या दिसतात गोधडी उलटल्यावरच.