सोलापुरात राहून अटकपूर्व जामिनावर संशोधन होईल का?

एलएलएमच्या लघुप्रबंधासाठी अटकपूर्व जामीन हा विषय घेतलाय, त्याचं साहित्य सोलापुरात मिळेल की पुणे-मुंबई गाठावी लागेल, असं तुम्ही विचारलंय. मी इथं जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं बघतो. माझं उत्तर: इथंच होईल, आणि चांगलं होईल.

दयानंद विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयापासून सुरुवात करा. बाहेरचे असाल तर मार्गदर्शकांचं पत्र सोबत ठेवा, आणि ग्रंथपालांना ‘फौजदारीची पुस्तकं’ एवढंच न सांगता नेमका विषय सांगा.

त्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे लिहून ठेवा. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. अटकपूर्व जामिनाचं जुनं कलम 438, नवं 482. पण जुनं 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, जे आता 528 मध्ये आहेत. संगणकावर नुसतं ‘482’ टाकलंत तर एफआयआर रद्द करण्याचे निकाल ढिगानं पुढ्यात येतात. त्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

म्हणून जुनी पुस्तकं बाजूला सारू नका. या विषयाचा पायाच 438 वरच्या निकालांत आहे. गुरबक्षसिंग सिब्बिया खटल्याचा पाच न्यायमूर्तींचा निकाल आधी वाचा. तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला आहे. त्याचा संदर्भ ‘एआयआर 1980 एससी 1632’, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकालांच्या मालिकेतला 1980 चा सर्वोच्च न्यायालयाचा खंड, पान 1632. सुरुवातीची हेडनोट, म्हणजे निकालाचा सारांश, संपादकांची असते. प्रबंधात ती उतरवू नका, निकालातला परिच्छेद उतरवा. नंतर सुशीला अगरवाल खटल्याचा 2020 चा निकाल घ्या: अशा जामिनाला सहसा मुदतीची अट नको, असं त्यात म्हटलंय. ही तरतूद मुळात का आली हे विधी आयोगाच्या 41 व्या अहवालात (1969) सापडेल. वजनदार माणसं प्रतिस्पर्ध्याला खोट्या गुन्ह्यात गोवून आत टाकायला बघतात, ही त्यामागची काळजी होती.

खंड हाताशी नसेल तर ई-एससीआर या संकेतस्थळावर सर्वोच्च न्यायालयाचे 1950 पासूनचे निकाल फुकट आहेत, काहींचे मराठी अनुवादही. कायद्याच्या मूळ मजकुरासाठी इंडिया कोड आणि आधीच्या प्रबंधांसाठी शोधगंगा ही संकेतस्थळं बघा.

आता मला सर्वांत मोलाचं वाटतं ते. अटकपूर्व जामीन सत्र न्यायालयही देतं. म्हणजे तुमच्या विषयाचा कच्चा माल सोलापुरात रोज तयार होतो. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर इथल्या सत्र न्यायालयाचे आदेश शोधा, आणि दोन-चार दिवस सुनावणीला मागच्या बाकावर येऊन बसा. सरकारी वकील कोठडीतल्या चौकशीची गरज कशी मांडतात, हत्यार किंवा मोबाइल जप्त व्हायचाय यावर किती भर देतात, आणि न्यायाधीश त्यातलं आदेशात काय घेतात, ते टिपून ठेवा.