अंकुश म्हणता येतं ना, मग हेही येईल

अगं, तुझा मेसेज रात्रीच बघितला होता पण नाइट ड्युटी होती, सॅम्पलची रांग लागलेली, म्हणून आज निवांत लिहितेय. व्हायवात "ॲन्किलॉस्टोमा ड्युओडिनाले" या नावावर, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या हुकवर्म किड्याच्या नावावर अडखळलीस, एक्झामिनर हसले आणि तू लगेच "मॅडम, मला ही लाइनच सोडायचीय" वर आलीस. थांब जरा. माझ्या डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या) व्हायवाला मी हेच नाव "ॲन्सीलोस्टोम ड्युओडिनेल" असं एका दमात ठोकून दिलं होतं, तर समोरचे सर म्हणाले, हे काय नेलपॉलिश आहे का? आता हसू येतं, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

तू ते नाव न सोडवताच पाठ केलंयस, गाठोडं उचलल्यासारखं, म्हणून ते मधेच सुटतं. आधी सोड ना. ग्रीकमध्ये अँकिलॉस म्हणजे वाकडा, वळलेला आणि स्टोमा म्हणजे तोंड. वाकडतोंड्या! शाळेत पोरं एकमेकांना ठेवतात तसलंच नाव आहे हे, कारण या किड्याचा तोंडाकडचा भाग मागे वळलेला असतो. आपल्या मराठी पुस्तकात याला अंकुशकृमी म्हणतात, आणि गंमत म्हणजे माहुताच्या हातातला अंकुश आणि ग्रीकांचा अँकिलॉस हे दोन्ही शब्द वाकणं या अर्थाच्या एकाच जुन्या मुळातून आलेत. म्हणजे अर्धं नाव तुला लहानपणापासून येतंय. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या आजारातलं अँकिलो पण हेच.

आता उच्चार. ॲन्किलॉस्टोमा म्हण किंवा इंग्रजी वळणाने ॲन्सिलॉस्टोमा म्हण, दोन्ही चालतं, फक्त जोर "लॉ"वर दे. कॉलेजात अँकायलोस्टोमा पण ऐकशील, त्यावर भांडत बसू नकोस. अगं, ज्याने नाव ठेवलं त्याच्याच स्पेलिंगचा घोळ आहे! मिलानचे डॉक्टर आंजेलो दुबिनी, १८३८ मध्ये त्यांना एका शवविच्छेदनात हा किडा सापडला, १८४३ मध्ये त्यांनी वर्णन छापलं आणि नावात एन ऐवजी चक्क जी लिहिला. ग्रीकमध्ये क च्या आधी ग हे अक्षर लिहितात पण म्हणताना ते ङ होतं, आपण अंकुशमधल्या अनुस्वाराचं करतो ना तस्संच, आणि दुबिनींनी ते अक्षराला अक्षर उतरवलं. मग पुढच्या लोकांनी ज्याला जसं सुचलं तसं लिहिलं.

दुसरा शब्द ड्युओडिनाले. शेवटचा ए गिळायचा नाही, लॅटिनमध्ये तो म्हणतात, म्हणून "ले" स्पष्ट येऊ दे (माझं नेलपॉलिश तिथेच झालं होतं). ड्युओडिनम हा लहान आतड्याचा पहिला तुकडा, शब्दाचा अर्थ बारा, कारण त्या तुकड्याची लांबी बारा बोटं धरली होती. साडीचा काठ चार बोटं असं आपण म्हणतो ना, आडवी बोटं, तसंच माप. पण खरं सांगू का, हा किडा जास्त करून त्याच्या पुढच्या जेजुनममध्ये चिकटलेला सापडतो, तरी नाव राहिलं ते राहिलं. ट्रायक्युरिस या आतड्यातल्या दुसऱ्या किड्याचं तर याहून वाईट, नावाचा अर्थ केसासारखी शेपटी आणि तो बारीक केसासारखा भाग निघाला तोंडाकडचा! तरी पहिलं नाव म्हणून तेच टिकलं.

नाव कळलं की किडा पण कळायला लागतो बघ. वाकड्या तोंडात दातांच्या दोन जोड्या, त्यांनी आतड्याला धरून रक्त ओढतो. एक किडा दिवसाला साधारण ०.२ मिली रक्त घालवतो, म्हणजे शंभर असले तर २० मिली, रोज. शेतात अनवाणी काम करणारी बाई ओपीडीत येते, हिमोग्लोबिन पाच, डोळ्याची खालची पापणी ओढली तर कागदासारखी पांढरी, आणि ती म्हणते थोडा दम लागतो बाकी काही नाही. अशा वेळी स्टूल (शौचाचं सॅम्पल) बघायला विसरायचं नाही.

आणि आता जरा चिडशील. एवढं नाव घोकलंस ना, ते स्टूलमध्ये किड्याचं अंडं बघून रिपोर्टवर लिहायचं नाही. पातळ पारदर्शक कवच, आत बहुतेक चार पेशी, कवच आणि पेशींच्या मधे स्वच्छ मोकळी जागा, सगळं दिसेल, पण नेकेटर अमेरिकानस या दुसऱ्या हुकवर्मचं अंडं पण हुबेहूब असंच असतं, मायक्रोस्कोपखाली फरक करता येत नाही. म्हणून नुसतं "हुकवर्म ओव्हा सीन" लिही. आणि सॅम्पल गरमीत दिवसभर पडलेलं असेल तर अंड्यातून अळ्या बाहेर येतात, मग या अळ्या स्ट्राँगिलॉइडिस या वेगळ्याच किड्याच्या आहेत का हा नवा घोळ, तो समोर बसून दाखवावा लागेल.

फॉर्मलिनमध्ये ठेवलेलं एक पॉझिटिव्ह सॅम्पल आहे माझ्याकडे, शुक्रवारी दुपारी ये. जेवून ये, नंतर जेवण जाणार नाही. चहा मी पाजते.