उदगीरहून पुण्याला बी.एस्सी.ला निघालोय; एकट्याने राहायची घडी कशी बसवू?

तू विचारलंयस की घरापासून कधी लांब राहिलेलो नाही, तर खोली, जेवण, पैसे, कपडे आणि अभ्यास हे सगळं एकट्याने कसं सांभाळायचं. तुझ्याएवढा माझा धाकटा भाऊ आहे, म्हणून अरे-तुरेच करते. मी बार्शीची. शिकायला पुण्यात आले, नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन, राहिले. पुढे आमच्या भागातून येणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना खोली शोधून द्यायचं, फॉर्म भरून द्यायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. त्यातून जे कळलं ते सांगते.

नवीन आलेलं पोरगं पहिल्यांदा टाइमटेबल करून भिंतीला चिकटवतं. पण पहिल्या सेमिस्टरला मुलांची ओढाताण होते ती वेगळ्याच गोष्टींनी: ऐन वेळी दाखला सापडत नाही, वीस तारखेलाच पैसे संपतात, वाळलेला शर्ट नसतो, रविवारी रात्री खायला काही नसतं. या गोष्टी एकदाच नीट लावून टाक, म्हणजे रोज त्यांचा विचार करावा लागणार नाही. मग डोकं अभ्यासाला मोकळं राहतं.

सुरुवात कागदपत्रांपासून कर, कारण त्यातली बरीचशी गावाकडेच पूर्ण करायची असतात. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रीमिलेअर हे सगळं निघायच्या आधी हातात असू दे. उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रीमिलेअरच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. त्यामुळे मागच्या वर्षीचा दाखला यंदा चालेलच असं धरून बसू नकोस, त्यावरची तारीख वाच. सेतू केंद्रात प्रवेशाच्या दिवसांत गर्दी असते आणि पुण्यातून त्यासाठी परत यायचं म्हणजे दोन दिवस आणि गाडीभाडं दोन्ही जातं.

आता आधार. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, शिष्यवृत्तीचा अर्ज करताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. गावाकडच्या बऱ्याच मुलांच्या आधारला वडिलांचा नंबर असतो. वडील शेतात, फोनला रेंज नाही, आणि इकडे पोरगं नेट कॅफेत तासभर ताटकळतंय, हे मी कितीदा तरी पाहिलंय. उदगीरमध्येच आधार केंद्रात जाऊन तुझा स्वतःचा नंबर जोडून घे, आणि तो नंबर पुढची तीन वर्षं बदलू नकोस. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात येतात. एकापेक्षा जास्त खाती असतील तर नेमकं कोणतं जोडलेलं आहे ते बँकेत विचारून घे. शाळेत असताना उघडलेलं आणि नंतर बंद पडलेलं खातं जोडलेलं राहिलं, तर मंजूर झालेली रक्कमही अडकते. आणि अर्ज एकदा भरून भागत नाही, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजला दिला की तो सहज परत मिळत नाही. देण्याआधी त्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढ आणि स्वच्छ उजेडात स्कॅन करून ठेव. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात, त्या आताच उतरवून घे. प्रत्येक फाइलला सरळ नाव दे: ‘उत्पन्न दाखला २०२५’, ‘बारावी गुणपत्रिका’. मूळ कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये आणि फाइल पेटीत कुलपाखाली. पासपोर्ट फोटोही त्याच फाइलमध्ये.

खोली बघताना मुलं भाडं विचारतात आणि थांबतात. तू आधी गादी उचल आणि कॉटचे सांधे, कोपरे, भिंतीच्या फटी बघ. ढेकूण असतील तर काळे ठिपके दिसतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नकोस, कारण झोप गेली की अभ्यासही जातो. मग विचार: पाणी किती वाजता येतं आणि किती वाजेपर्यंत असतं, गरम पाण्याची सोय काय, लाइट बिल भाड्यात आहे की वेगळं, रात्री दार किती वाजता बंद होतं, आई-वडील आले तर एक रात्र राहू शकतात का, खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं आणि डिपॉझिट कधी परत मिळणार. डिपॉझिटची पावती घे. पावतीची पद्धत नसेल तर रक्कम ऑनलाइन दे, म्हणजे नोंद राहते. एका खोलीत चौघे असतील तर तुझ्या कॉटजवळ प्लग आणि खिडकी आहे का हेही बघ, तीन वर्षं तिथे वाचायचंय. खोली कॉलेजपासून चालत जाता येईल अशी मिळाली तर थोडं भाडं जास्त गेलं तरी मी ती घ्यायला सांगेन. पुण्याच्या रहदारीत बसमध्ये जाणारा वेळ फार असतो.

मेस लावताना दोन-तीन ठिकाणी एकेक वेळ पैसे देऊन जेवून बघ, आणि मगच महिन्याचे पैसे भर. खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या वेळेचे पैसे वजा करण्याचा, नियम आधी विचार. काही ठिकाणी सलग काही दिवस गावाला गेलास आणि आधी सांगितलंस तरच खाडे धरतात, एखाद-दुसऱ्या वेळेचे धरत नाहीत. दिवाळीला, सणावाराला याचा हिशोब बराच होतो. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, ही पुण्यातली जुनी रीत आहे. तेव्हा रविवारच्या रात्रीची सोय तुझ्याकडे कायमची पाहिजे. आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यासाठी उत्तम, बरेच दिवस टिकते. बरोबर दही आणि कांदा घेतलास की पोटभर जेवण होतं. धपाटे आले तर ते आधी संपव. आईला सांग की चटणी एका मोठ्या बरणीत न देता लहान लहान डब्यांत दे. बरणी खोलीत उघडली की ती चौघांची होते, आणि तशी ती व्हायलाच हवी, पण मग एक डबा पुढच्या आठवड्यासाठी शिल्लक राहतो. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ कायम जवळ असू दे. सकाळचं प्रॅक्टिकल असलं की नाश्ता राहतोच.

पैशांचं सांगते. घरून महिन्याला दहा हजार येतात असं धरू. कॉटचे चार हजार, मेसचे साडेतीन हजार, बस पास, रिचार्ज आणि झेरॉक्स मिळून नऊशे. हे पैसे आले त्याच दिवशी भरून टाकायचे. उरले सोळाशे, म्हणजे आठवड्याला चारशे. तुझी रक्कम कमी-जास्त असेल, पण भागाकार असाच कर. फोनवरून पैसे देताना किती गेले ते कळत नाही, म्हणून शिष्यवृत्तीचे आणि घरचे पैसे एका खात्यात ठेव, रोजच्या वापराचं खातं वेगळं ठेव आणि त्यात दर सोमवारी तेवढे चारशेच टाक. खोलीतल्या मित्रांमध्ये उसनवारी होणारच. दिलेले-घेतलेले लगेच लिहून ठेवत जा, वीस रुपये असले तरी. यामुळे मैत्री बिघडत नाही, उलट टिकते.

घरची परिस्थिती ओढीची असेल तर संकोच न करता दोन गोष्टी बघ. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना बऱ्याच कॉलेजांत चालते. ग्रंथालयात, कार्यालयात तासाप्रमाणे काम आणि मानधन मिळतं. प्रवेश झाल्याबरोबर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेट, जागा लवकर भरतात. दुसरी विद्यार्थी साहाय्यक समिती. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये ती सुरू केली. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी तिची वसतिगृहं आहेत, शुल्क कमी आहे. खोलीचं डिपॉझिट भरण्याआधी तिथला अर्ज भर. माझ्या ओळखीतली जी मुलं तिथे राहिली ती बोलायला, वागायला, काम वाटून घ्यायला शिकूनच बाहेर पडली, म्हणून आग्रहाने सांगते.

कपड्यांचं थोडक्यात: तू जाशील तेव्हा पावसाळा असेल. जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, पातळ कापडाच्या पँट जास्त ने. आतले कपडे आणि मोजे रोज आंघोळीबरोबरच धुवायचे, बाकीचे आठवड्यातून दोनदा. दोरी, चिमटे आणि दोन कुलपं घरूनच ने.

अभ्यासात बी.एस्सी.वाल्याला सगळ्यात जास्त जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, नडतं. प्रॅक्टिकल झालं त्याच संध्याकाळी निरीक्षणं, आकडेमोड आणि आकृती पूर्ण करून पुढच्या वेळी सही घे. सेमिस्टरअखेरीस सह्यांसाठी रांगा लागतात तेव्हा तू थिअरी वाचत असशील. पुस्तकं लगेच नवी कोरी घेऊ नकोस. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घे, वरच्या वर्गातल्या मुलांना विचार, ग्रंथालयात बघ, आणि उरलेली अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात का ते शोध. पेठांतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुलं दिवसभर बसतात, त्यांना बघून तुलाही पैसे भरून जागा घ्यावीशी वाटेल. पहिल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयातला वाचनकक्ष पुरतो. परीक्षेच्या महिन्यात खोलीत फार गडबड असेल तर मग एक महिना अभ्यासिका लाव.

आणि प्रकृती. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर मेडिकलमधून गोळ्या आणून अंगावर काढू नकोस, डॉक्टरांकडे जा आणि घरी कळव. तुझा रक्तगट, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का आणि वडिलांचा नंबर खोलीतल्या एका तरी मुलाला पहिल्याच आठवड्यात देऊन ठेव, आणि त्याचाही घरचा नंबर तू घेऊन ठेव.