चालू स्नॅक्स सेंटर घेताय? पण जागेचा करार कुणाच्या नावावर आहे?

नेरुळ स्टेशनजवळचं चालू स्नॅक्स सेंटर घेतोय, सौदा 18 लाखांत ठरला, 4 लाख टोकन देऊन झालंय, बाकीचे दिले की चावी मिळणार, तर आता काय काय बघू, असं एका वाचकाने विचारलंय. असे प्रश्न नवी मुंबईतून सारखे येतात आणि सगळे टोकन दिल्यावरच विचारतात. तेही व्हॉट्सॲपवरच्या दोन ओळींवर दिलेलं. असो.

गल्ला किती, उधारी किती, फ्रीज-भट्टी कुणाची, हे तुम्ही बघितलंच असेल. मला एवढंच सांगा, लीव्ह अँड लायसन्सची (मालकाने जागा ठराविक काळ वापरायला देण्याच्या कराराची) जी कॉपी मला पाठवलीत ती तुम्ही स्वतः वाचली का? त्यात सरळ लिहिलंय की लायसन्सीने, म्हणजे जागा वापरायला घेणाऱ्याने (इथे विकणाऱ्याने), ती दुसऱ्या कुणालाही वापरायला द्यायची नाही, दिली तर करार रद्द. आणि हे कलम नसतं तरी इझमेंट ॲक्ट 1882 च्या कलम 56 प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, असं लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही. म्हणजे 18 लाख तुम्ही मुख्यतः ज्या जागेसाठी मोजताय ती जागा विकणाऱ्याच्या हातात नाहीच. त्याच्या कराराचेही 7 महिनेच उरलेत, नंतर मालकाने भाडं दुप्पट सांगितलं तर तुम्ही काय करणार?

विकणारा म्हणतोय करार माझ्याच नावावर राहू दे, आपण कंडक्टिंग ॲग्रीमेंट करू, म्हणजे करार त्याचा आणि धंदा तुम्ही चालवायचा. नको. मालकाला कळलं की तो हेच कलम दाखवून दोघांनाही बाहेर काढायला बघणार, मग तुम्ही कोर्टात जाल आणि तारखा घेत बसाल, तोवर दुकान बंद.

त्यामुळे आधी मालकाला भेटा. तुमच्या नावाने नवीन करार, शक्यतो 36 ते 60 महिन्यांचा, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) मालकालाही बांधणारा, आणि रजिस्टर केलेला (भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे ते सक्तीचंच आहे). तो रजिस्टर होईपर्यंत उरलेल्या 14 लाखांतला एक रुपया द्यायचा नाही. मालक नाही म्हणाला तर सौदा सोडा. टोकन परत मिळेल का, हे त्या दोन ओळींत नेमकं काय लिहिलंय त्यावर आहे, मी खात्री देणार नाही, पण आधी लेखी नोटीस द्या आणि पैसे परत मागायच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते हे विसरू नका.

जीएसटीचंही बघा. सीजीएसटी कायद्याच्या कलम 85 प्रमाणे धंदा विकला तर आधीचा थकलेला टॅक्स, व्याज, दंड दोघांकडूनही वसूल होतो, नंतर ठरवला गेला तरी. विकणारा रजिस्टर्ड असेल तर रिटर्न सीएकडून तपासून घ्या आणि थोडी रक्कम काही महिने रोखून ठेवायचं करारात लिहा. फूड लायसन्स त्याचं चालणार नाही, तुमच्या नावाने नवीन काढा. सोसायटीची एनओसी, चिमणी, गॅस हे बिल्डिंगवर अवलंबून आहे, कागद न बघता बोलत नाही.

आणि गुडविलचे (दुकानाच्या नावाचे आणि बांधलेल्या गिऱ्हाइकांचे) पैसे घेतोय ना तो, मग त्याच भागात परत स्नॅक्सचं दुकान टाकणार नाही हे लिहून घ्या, किती वर्षं आणि कुठल्या सेक्टरपर्यंत ते स्पष्ट. गुडविल विकताना अशी अट कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 27 मध्ये चालते, फक्त अख्ख्या नवी मुंबईसाठी घालू नका, कोर्ट ती वाजवी आहे का बघतं.