पाठ सरळ झाली, मग ही गप्प का?

“मॅडम, ऑपरेशन एकदम छान झालं. डॉक्टर खूश आहेत. आधीचा आणि आताचा एक्स-रे शेजारी ठेवला तर विश्वास बसत नाही. पण ही बोलतच नाही हो.”

स्कोलिओसिसची, म्हणजे बाजूला वाकलेला कणा सरळ करण्याची, शस्त्रक्रिया झालेल्या मुलामुलींच्या घरून मला, समुपदेशक म्हणून, असे फोन येतात आणि बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येतात. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. “आता हिला आणखी काय हवंय?”

हा काळ असा का जातो, ते आधी सांगते. पहिले पंधरा दिवस धामधुमीचे असतात. दवाखाना, ड्रेसिंग, टाके, भेटायला येणारी माणसं. मग वेदनेची जोरदार औषधं हळूहळू कमी होतात, त्या दिवसांत झोप मोडते आणि मन खाली बसतं. भेटायला येणारे कमी होतात. बाकात गेलेल्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी स्क्रू आणि रॉड लावलेले असतात, मधे हाडाचे तुकडे भरलेले असतात. ते सगळं जुळून एकजीव व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. हे ऑपरेशनच्या आधी सांगितलेलं असतं, पण कळतं ते आत्ता, पलंगावर पडल्यापडल्या छताकडे बघताना.

ज्या मुलीबद्दल सांगते आहे, तिचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी चार-पाच संवादांत आणल्या आहेत. दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि त्याच आठवड्यात तिचं ऑपरेशन झालं. बाक ५६ अंशांचा होता, साधारण ४५-५० च्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार करतात. उंची एका दिवसात तीन सेंटिमीटरने वाढली. पूर्वी तिचा कुडता शिवताना शिंपीकाका डावी बाजू अर्धा इंच जास्त ठेवायचे, ते आता लागणार नव्हतं. घरात हे सगळं आनंदाने सांगितलं जात होतं, तिच्यासमोर आणि तिच्या वतीने.

पहिली भेट व्हिडिओ कॉलवर झाली, कारण रिक्षाचा प्रत्येक गतिरोधक पाठीत कळत होता. एकोणिसावा दिवस. ती कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. आई पलंगाच्या कडेला.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“बरंय,” आई म्हणाली. “आज दुखणं दहापैकी चारवर आहे. काल पाच होतं.”

मी आईंना चहा टाकायला पाठवलं. मग मुलीला म्हटलं, “आता दुखण्याचा आकडा नको. तुझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही असेल तर ते सांग.”

बराच वेळ गेला. मग म्हणाली, “सगळे म्हणतात, आता तरी खूश राहा.”

“आणि तू?”

“मी नाही म्हटलं तर? बाबांनी पीएफमधून पैसे काढलेत.”

सगळी गाठ इथे होती. या मुलीला घरच्यांनी प्रेमाने एकच, भलामोठा आनंद देऊ केला होता, सरळ झालेली पाठ. तिने त्यावरच खूश व्हायचं होतं. तो आनंद खोटा नव्हता, पण तो तिच्या वाट्याला उपकारासारखा आला होता आणि उपकाराच्या ओझ्याखाली माणूस हसत नाही. त्यात ती पाठ अजून तिची झालीच नव्हती. टाक्यांच्या आजूबाजूची कातडी बधिर, वळायला गेलं तर मधला भाग फळीसारखा, आरशात चेहरा नेहमीपेक्षा वर. परक्या घरात राहायला आल्यासारखं तिला वाटत होतं. मी तिला एवढंच म्हटलं, “ऑपरेशनबद्दल खूश असणं आणि आज उदास असणं, दोन्ही एकाच वेळी चालतं. कृतज्ञता सिद्ध करून दाखवायची नसते.” ती रडली. रडताना बरगड्या दुखतात, म्हणून जपून रडली. मला ते आजही आठवतं.

आईंशी वेगळं बोलले. “ताई, दुखण्याचा आकडा दिवसातून दोनदाच विचारायचा. सकाळी नऊ, रात्री नऊ. मध्ये ती आपणहून बोलली तर ऐकायचं, आपण काढायचं नाही.” हे ऐकायला सोपं आहे, पाळायला महाकठीण. त्या माउलीने वीस दिवस दर तासाला पाठीकडेच पाहिलं होतं. म्हणून तोंडाला बंदी घालताना हाताला काम द्यावं लागतं. त्यांना मी एक वही करायला सांगितली. तीन दिवस, दर दोन तासांनी, मुलीला न विचारता फक्त बघून लिहायचं की आत्ता ती काय करते आहे आणि चेहरा मोकळा आहे की आवळलेला.

मी कृतीवर भिस्त ठेवणारी समुपदेशक आहे. आधी मन लागेल, मग हात चालेल, अशी वाट बघत बसलं तर आठवडे जातात. हात आधी चालवावा, मन मागून येतं. मात्र नव्याने जुळणाऱ्या कण्याला ‘काहीतरी कर’ असं मोघम सांगून चालत नाही. कोणत्या वेळी, किती मिनिटं, कोणत्या उंचीवर, हे ठरवावं लागतं. बहुतेकांचं इथेच चुकतं. एखाद्या बऱ्या दिवशी मूल दोन तास बसून राहतं, दुसऱ्या दिवशी उठवत नाही आणि घरभर निष्कर्ष निघतो, ‘हिला काही झेपत नाही.’

वहीत स्पष्ट दिसलं. सकाळची गोळी नाश्त्यानंतर, म्हणजे साधारण साडेनऊला. साडेदहा ते सव्वाअकरा चेहरा मोकळा. दुपारी चारनंतर आवळलेला. आतापर्यंत झालं होतं असं, की या सोन्यासारख्या पाऊण तासात अंघोळ आणि ड्रेसिंग बघणं उरकलं जायचं आणि ‘जरा मन रमव’ म्हणून टीव्ही लावला जायचा तो संध्याकाळी. आम्ही अदलाबदल केली. हा चांगला पाऊण तास तिचा. बाकीची कामं आगेमागे.

आता त्यात करायचं काय? “तुला काय आवडतं?” हा प्रश्न उदास माणसाला विचारू नये. उत्तर ‘काही नाही’ येतं आणि ते त्यालाच खरं वाटायला लागतं. मी विचारलं, “कुणी सांगितलेलं नसताना तू काय करत बसायचीस? कशात जेवायला हाक मारलेलीही ऐकू यायची नाही?”

“चैत्रांगण,” ती म्हणाली. आणि लगेच, “पण ते आता नाही ना. खाली बसायला बंदी आहे.”

चैत्राचा महिना चालू होता. घरात गौर बसलेली. दरवर्षी दारातली रांगोळी हीच काढायची, उकिडवं बसून, पाऊण-एक तास. स्वस्तिक, गोपद्म, शंख, कमळ, तुळशीवृंदावन, चंद्र, सूर्य, हत्ती, साप, कासव, पाळण्यातली गौर, अशी पन्नासेक चिन्हं. यंदा दार तसंच होतं. सर्जननी तीन गोष्टी मना केल्या होत्या. वाकायचं नाही, दोन किलोच्या वर उचलायचं नाही, कमरेतून वळायचं नाही. रांगोळीला यांतली पहिली आणि शेवटची लागते, असं तिने गृहीत धरलं होतं.

“रांगोळीला वाकावं लागतं, की जमिनीला?”

ती गप्प झाली. मग पहिल्यांदा तिने भुवया उचलून माझ्याकडे पाहिलं.

आनंद मोठाच हवा, पूर्वीसारखाच हवा, दारातच हवा, ही ‘च’ची भाषा सोडली की बऱ्याच गोष्टी हाताशी येतात. चैत्रांगणाची गंमत अशी की ते सुट्या चिन्हांचं असतं. एक चिन्ह दोन-तीन मिनिटांचं. बरं होणाऱ्या शरीराला याहून सोयीचं काम मला सुचवता आलं नसतं.

पहिल्या दिवशी फसलं. आईंनी जेवणाच्या टेबलावर पाट मांडला. टेबल ३० इंच उंच, मुलगी पाच फूट तीन इंच. उभी राहून काढताना ती नकळत पुढे झुकली आणि चौथ्या मिनिटाला पाठ धरली. चूक कामाची नव्हती, उंचीची होती. उभ्याने करायचं हलकं काम कोपराच्या चार बोटं खाली यावं, म्हणजे मान थोडी झुकते आणि पाठ सरळ राहते. आम्ही स्वयंपाकाचा ओटा घेतला, ३३ इंचांचा. त्यावर जाड वह्यांचे दोन गठ्ठे, पाच इंच भरतील असे. वर दीड फूट बाय दीड फूट प्लायवुडचा तुकडा, गेरू लावून वाळवलेला. रांगोळीची वाटी अगदी समोर, बाजूला नाही, नाहीतर दर चिमटीला कंबर वळते. पायाशी चार इंचांचा पाट, एकेक पाऊल आलटून पालटून त्यावर ठेवायला. त्याने कमरेवरचा ताण उतरतो. सांडलेली रांगोळी आईने उचलायची, हा नियम.

वेळ दहा मिनिटं, गजर लावून. गजर वाजला की चिन्ह अर्धं असलं तरी थांबायचं. यावर ती चिडली. मला ते हवंच होतं! ‘अजून थोडं’ असं वाटत असताना थांबलं, की उद्याच्या सकाळीला कारण मिळतं. दोन दिवस नीट गेले की दोन मिनिटं वाढवायची. दुखणं आधीपेक्षा दोन आकड्यांनी वाढलं आणि तासाभराच्या आरामाने उतरलं नाही, तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मी. बंद नाही, निम्मी.

पाचव्या दिवशी फोन आला, पडद्यावर प्लायवुडचा तुकडा. स्वस्तिक, शंख, गोपद्माची ओळ आणि कडेला एक कासव.

“याची पण पाठ वाकत नाही,” ती म्हणाली. “तरी सगळीकडे जातं.”

मागे आई हसल्या, मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. इतके आठवडे त्या घरात ‘पाठ’ हा शब्द म्हणजे काळजी होती. तो शब्द मुलीने आपल्या हातात घेतला होता. हे माझ्या सांगण्यातून आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं. माझं काम ओट्याची उंची जुळवण्यापुरतं होतं, आणि ते चोख झालं याचं मला समाधान आहे.

एक दार उघडलं की बाकीची उघडतात. केस धुणं घ्या. जखम सुकून सर्जननी परवानगी दिल्यावरही ती टाळत होती, कारण घरची पद्धत डोकं पुढे वाकवून तांब्याने पाणी घेण्याची. पाठीला टेकू असलेली प्लास्टिकची खुर्ची मोरीत ठेवली, मान सरळ, आईने मागून पाणी घातलं. शिकेकाई, कोमट पाणी, दहा मिनिटं. टाक्यांची जागा नुसती टिपायची, चोळायची नाही. नंतर ती म्हणे दीड तास झोपली, ऑपरेशननंतरची पहिली शांत झोप.

खाण्याचंही तसंच. औषधांनी तोंडाची चव जाते आणि पोट साफ होत नाही. अशा वेळी ताटभर वाढून ‘ताकद यायला हवी’ म्हणणं म्हणजे आणखी एक परीक्षा. दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं, भिजवलेल्या मनुका, पपई, भरपूर पाणी. आणि जिभेला जाग आणणारं काहीतरी. तिच्या बाबतीत कैरीची डाळ, दोनच चमचे, कारण भिजवलेली कच्ची डाळ तुंबलेल्या पोटाला जड. पन्हं मात्र पेलाभर. चालण्याला ठिकाण हवं. ‘पाच मिनिटं चाल’ यापेक्षा ‘छोट्या गडूने तुळशीला पाणी घालून ये’ हे पायांना लवकर पटतं. तुळस कट्ट्यावर असली म्हणजे झालं, जमिनीवरची कुंडी नको.

प्रत्येकाचं चैत्रांगण वेगळं असतं. क्रिकेट बंद झालेल्या एका मुलाने गॅलरीत उभं राहून सोसायटीच्या मॅचचा स्कोअर लिहायला घेतला. ओव्हर संपली की दोन पावलं चालायची, असा त्याचा हिशेब. चाळिशीत ऑपरेशन झालेल्या एका बाईंना सकाळी हाताच्या खुर्चीत बसून मेथी निवडणं परत हवं होतं, वीस मिनिटं, मांडीवर उशी आणि उशीवर ताट. काय निवडायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. घरच्यांनी उंची, वेळ आणि थांबणं सांभाळावं.

दोन गोष्टी मात्र आनंदाच्या भरवशावर सोडू नयेत. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पायांत नव्याने मुंग्या किंवा कमजोरी, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सर्जन गाठावा. आणि दोन आठवडे सलग उदासी हटत नसेल, खाणं-झोप सुटली असेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं कानावर आलं, तर समुपदेशकाच्या पुढे जाऊन मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. जगण्याच्या कंटाळ्याचं बोलणं आलं तर दोन आठवडे मोजत बसू नये. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

अक्षय्य तृतीयेपर्यंत तिच्या तुकड्यावर एकतीस चिन्हं झाली. रोज काढून रोज पुसायची, असं न करता तिने ती राखली, वर पातळ कापड टाकून. शेवटच्या हळदीकुंकवाला तो तुकडा गौरीपुढे स्टुलावर मांडला होता आणि ती शेजारी हाताच्या खुर्चीत बसली होती. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “काय गं, पाठ कशी आहे आता?”

“काकू, आधी गौर बघा,” ती म्हणाली.